मायची कविता मायच्याच बोलीत

पत्र थोडक्यात : लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातले, सध्या पुण्यात नोकरी करणारे एक वाचक लिहितात. त्यांची आई ७५ वर्षांची होते आहे. जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही. आधार कार्डावर १ जानेवारी पडली आहे, म्हणून भावंडांनी येत्या वेळ अमावास्येला (घरच्यांनी शेतात जाऊन पूजा आणि पंगत करायचा आपल्याकडचा सण) शेतातच तिचा सत्कार करायचं ठरवलं आहे. ५० एक माणसं असतील. त्या दिवशी तिच्यासाठी यमक जुळणारी कविता वाचायची या वाचकांची इच्छा आहे. १६ ओळी लिहून झाल्या, पण थोरली बहीण म्हणाली, ‘हे कुणाच्याही आईला चालंल.’ त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत : ‘यमक जुळवायला जावं तर मनातलं राहून जातं, मनातलं लिहावं तर यमक मोडतं.’ आईला अक्षरओळख नाही, मग तिला कविता कळेल का, ही शंका आहे. घरी सगळे तिला ‘माय’ म्हणतात, पण कवितेत ‘आई’ लिहिलंय, कारण ते जरा बरं वाटतं. वडिलांच्या दारूपायी तिनं फार सोसलं (वडील आता दारूला शिवत नाहीत), ते लिहावं का, असंही विचारलं आहे. जमलंच नाही तर नेटवरची एखादी कविता घेऊन चालेल का? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक वाक्य : ‘सुट्टी संपवून निघालो की एसटी वळेपर्यंत ती फाट्यावर उभी असते. मी मागं बघत नाही.’

नमस्कार दादा,

तुमच्या कवितेतल्या या दोन ओळी आधी समोर ठेवू :

ममतेचा तू सागर
त्यागाचा गं तू डोंगर

अक्षरं मोजा. दोन्ही ओळींत बरोबर आठ. सागर-डोंगर हे यमकही चोख आहे. म्हणजे तुम्हाला यमक जमत नाही, ही तुमची समजूतच खरी नाही. तरीही ताईचं म्हणणं बरोबर आहे. समुद्र तुमच्या गावापासून शेकडो किलोमीटर लांब, तुमच्या पत्रात तर त्याचा मागमूसही नाही. सागर हा शब्द आला कारण आईच्या कवितेत तो असतो. मग सागरानं आपल्या जोडीला डोंगर ओढून आणला. माय दोन्ही ओळींत कुठंच आली नाही.

यमक तुमच्या मनातलं अडवत नाहीये. मनातलं यायच्या आधीच तुम्ही यमकाला बसायला पाट दिलात, एवढंच झालंय. क्रम उलटा करा. आधी वस्तू, मग ओळ, आणि यमक त्या वस्तूच्या नावाशी.

तुमची कविता सापडते ती पत्राच्या शेवटच्या वाक्यात. फाटा, एसटी, उभी माय आणि मागं न बघणारा लेक. हे कुणाच्याही आईला चालणार नाही. तुम्ही ते कवितेत घेतलं नाही, कारण ते ‘काव्यमय’ वाटलं नसावं. असंच आणखी काय काय पत्रात सांडलंय ते बघा : १९७२ च्या दुष्काळात ताईला कडेवर घेऊन ती खडी फोडायला गेली, पदराच्या गाठीत पैसे ठेवायची आणि वहीसाठी मोजून द्यायची, निघताना शेंगाची चटणी आणि धपाटे बांधून देते. फाट्यासकट चार वस्तू झाल्या. एका कडव्याला एक वस्तू, म्हणजे चार कडवी तर इथंच उभी राहिली.

आता ‘माय’विषयी. ज्या शब्दानं हाक मारता तोच शब्द कवितेत घाला. कुणाच्या घरी आईला बाई म्हणतात, कुणाच्या अक्का, एकत्र कुटुंबात तर पोरं काकांचं ऐकून वहिनीही म्हणतात. ज्या घरी जे, ते. भर शेतात ५० माणसांसमोर तुम्ही ‘हे आई’ म्हणालात तर ती क्षणभर इकडंतिकडं बघेल, हा कुणाला बोलतोय म्हणून.

तिला अक्षरओळख नाही म्हणून कविता कळणार नाही, ही शंका मात्र मुळातूनच काढून टाका. तिच्या वयाच्या बायकांनी गावात गिरणी येण्याआधी जातं ओढलंय, आणि जात्यावर बसलेली बाई ओवीशिवाय उठत नसे. ओवी म्हणजे दोन ओळींत बसवलेलं, शेवटी यमक जुळलेलं बोलणं. जनाबाईंचं गंगाखेड तुमच्यापासून लांब नाही. दळण-कांडण आणि कविता एकाच हातानं करायची या भागातली ती जुनी रीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात. लिहायला बसण्याआधी अर्धा तास ऐका. तुमच्या मायला यमक तुमच्यापेक्षा जास्त कळत असण्याचीच शक्यता आहे, आणि चुकलेली ओळ ती कानानं पकडेल.

म्हणून ओळ कागदावर जुळते का, यापेक्षा तोंडात जुळते का ते बघा. ती ‘पानी’ म्हणत असेल तर ‘रानी’ आणि ‘पानी’ हे यमक तिच्या कानाला पक्कं आहे, शुद्धलेखनाचं पुस्तक काही का म्हणेना. ‘गेले-आले’ लिहायचं की ‘गेलं-आलं’, हेही घरी जसं बोलता तसंच ठेवा. फक्त एका कवितेत दोन्ही मिसळू नका. बोलीचा अतिरेकही नको. प्रत्येक शब्द मोडून लिहिला की ऐकणाऱ्याला ती नक्कल वाटते.

साचा कोणता घ्यावा? तुमच्या कामाला दोन साचे सोयीचे आहेत.

पहिला अष्टाक्षरी. चार ओळींचं कडवं, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक. पहिली-तिसरी मोकळी राहते, त्यामुळं श्वास घ्यायला जागा मिळते. मोजताना जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार मोजायचा नाही, पण ‘ऊ’, ‘ई’ असे सुटे स्वर मोजायचे. चूक बहुतेक वेळा याच सुट्या स्वरात होते. उदाहरणार्थ ‘कडेवर घेऊन ताई’ ही ओळ आठाची वाटते. मोजा : क-डे-व-र-घे-ऊ-न-ता-ई. नऊ झाली. ‘ताई घेऊन कडेला’ केलं की आठ.

खडीचं कडवं कसं बांधता येईल ते पाहू. या प्रसंगातला जड शब्द ‘खडी’. जड शब्द नेहमी कडव्याच्या शेवटी ठेवा आणि त्याची जोडी आधीच्या ओळीसाठी शोधा. उलटं केलं, म्हणजे खडी आधी आली, तर शेवटी काहीतरी चिकटवल्यासारखं होतं आणि कडवं तिथंच खाली बसतं. खडीच्या जोडीला घडी, वडी, गडी, दडी, छडी, झडी हे शब्द येतात. अशी यादी खरोखरच कागदाच्या कडेला लिहून काढा. क, ख, ग करत एकेक अक्षर पुढं लावत गेलं की पाच मिनिटांत होते. मग प्रत्येक शब्दाला विचारायचं : तुझा त्या सालाशी काही संबंध आहे का? वडी-छडीचा नाही. झडीचा आहे, कारण त्या साली ती आलीच नव्हती.

बहात्तरच्या सालात
आली नाही कुठं झडी
ताई घेऊन कडेला
फोडलीस माय खडी

यात ‘कष्ट’ नाही, ‘त्याग’ नाही, ‘माउली’ नाही. लागतही नाही.

इथंच मराठीतला एक जुना खड्डा दाखवायला हवा. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. त्यामुळं सहज लिहिलेल्या ओळींच्या शेवटी केलंस, दिलंस, सोसलंस, वाढवलंस अशी रांग लागते. शेवट सारखा असल्यानं लिहिणाऱ्याला यमक जुळलंसं वाटतं, पण जुळलेला असतो तो फक्त प्रत्यय. ऐकणाऱ्याला तिसऱ्या ओळीपासून कंटाळा येतो आणि का येतो ते सांगता येत नाही. उपाय सोपा : क्रियापद ओळीच्या पोटात ढकला आणि शेवटी नाम आणा. ‘माय खडी फोडलीस’ऐवजी ‘फोडलीस माय खडी’. तुमच्या १६ ओळींपैकी किती क्रियापदावर संपतात ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर तिथूनच दुरुस्तीला लागा.

यमकाची कसोटी अशी : शेवटचं अक्षर सारखं हवंच, शिवाय त्याच्या आधीच्या अक्षराचा स्वरही सारखा हवा. झडी-खडी चालतं. माया-दया चालत नाही, कारण एकीकडं ‘आ’ आहे, दुसरीकडं ‘अ’. काळ आणि ताल यांत ‘ळ’-‘ल’चा घोळ आहे, तोही टाळा. एखाद्या ठिकाणी यमक थोडं सैल राहिलं आणि ओळ खरी असली, तर ओळ ठेवा. चार कडव्यांत एक सैल यमक कुणी मनावर घेत नाही. यमकासाठी घातलेलं एक खोटं मात्र घरच्यांना लगेच कळतं.

आता फाट्याचं. ‘माय’च्या जोडीला साय, गाय, पाय, काय, न्याय, उपाय असे शब्द मिळतात. दुधावरची साय आणि वासराची गाय मायवरच्या इतक्या कवितांत येऊन गेली आहेत की कान त्यांवर थांबतच नाही. तुमच्या प्रसंगात खरा आहे तो ‘पाय’ :

एसटी वळेतोवर
उभी असतेस माय
बघितलं मागं तर
उतरतील गं पाय

यातला ‘गं’ आठ अक्षरं भरायला आलाय, हे उघड आहे. हाक मारताना तो शोभतो म्हणून इथं खपतो. पण दर कडव्यात गं, की, तो, ही अशी भरती दिसायला लागली तर ओळीत सांगायला काही उरलेलं नाही, असं समजा आणि ओळच बदला.

हे नमुने मुद्दाम तुमच्याच पत्रातल्या ऐवजातून केलेत. ते जसेच्या तसे वाचू नका. ‘कुठं झडी’ तुमच्या घरात कुणी म्हणत नसेल, ताई कडेवर नसून झोळीत असेल. तुम्हाला खरं माहीत आहे, तेच घाला.

दुसरा साचा ओवीचा. दोन लांब ओळी, प्रत्येक ओळीत मध्ये एक थांबा, शेवटी यमक. अक्षरांचा काटेकोर हिशेब नाही, चालीत बसलं की झालं. ओवी बहुधा ‘तू’ असं न म्हणता तिच्याबद्दल बोलते, त्यामुळं ज्यांना आईच्या तोंडावर भावना बोलायचा संकोच वाटतो त्यांना ती सोपी जाते.

पदराच्या गाठीमधी, माय जपे चार आणे
मोजून ती हाती देई, जसे पेरणीचे दाणे

तुमचा स्वभाव पत्रातून कळतो त्यावरून असं सुचवावंसं वाटतं : सुरुवातीला एखादी ओवी घ्या आणि पुढं अष्टाक्षरीची चार-पाच कडवी. एक कडवं सावकाश म्हणायला १५ सेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे सगळं मिळून दीड मिनिटाच्या आत. शेतात माइक नसणार, वारं असणार, खोपीत भज्जी आणि आंबील वाट बघत असणार. वीसेक ओळी भरपूर झाल्या, ३२ नकोत. मुक्तछंदाचा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण इतर वाचकांसाठी सांगायला हवं : ज्यांची आई वाचणारी आहे, एकांतात पत्र उघडणारी आहे, तिथं यमकाचा अट्टहास नको, साधं गद्य पत्र जास्त पोचतं. तुमच्याकडं उघड्यावर, कानानं ऐकायचं आहे. तिथं यमक उपयोगाचं, कारण यमकामुळं ओळ लक्षात राहते आणि घरी जाऊन पुन्हा म्हणता येते.

नेटवरची तयार कविता नको, किंवा मोबाइलला सांगून करून घेतलेलीही. त्यात चोरीचा मुद्दा तर आहेच, पण तिच्यात ताई नसेल, फाटा नसेल, आणि ताईनं जे एकदा ओळखलं ते ती पुन्हा ओळखेल. पाच कडवी जमत नसतील तर दोन म्हणा. एकच ओवी म्हणा.

वडिलांच्या दारूबद्दल. ते तुम्हाला लिहावंसं वाटतं यात काही चूक नाही. तिनं जे झाकून नेलं ते कुणीतरी पाहिलं होतं, हे तिला कळावं असं तुम्हाला वाटतंय. पण ते झाकणं हा तिचा निर्णय होता, आणि तिच्याच सत्काराच्या दिवशी सोयऱ्याधायऱ्यांसमोर तुम्ही तो मोडाल. वडील तिथं बसलेले असतील, दारू सोडलेले. सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडं जातील आणि माय त्यांना सांभाळायला धावेल. तिचा दिवस तिथंच संपेल. हे कवितेत नको. तिच्याजवळ बसून, दोघंच असताना, एका वाक्यात सांगा : ‘माय, तेव्हाचं मला सगळं आठवतं.’ त्याला यमक लागत नाही.

खडीबद्दलही आधी अंदाज घ्या. दुष्काळी कामावर गेलेल्या काही बायका ते अभिमानानं सांगतात, काहींना सुनांसमोर ते निघालेलं आवडत नाही. सरळ ‘हे कवितेत घालू का’ विचारलंत तर ती लाजून नको म्हणेल. फोनवर सहज विषय काढा : खडीच्या कामावर दिवसाला किती मिळायचे, भाकर कशासोबत खायचात, ताईला कुठं ठेवायचीस. ‘तू किती सोसलंस’ असं विचारलं तर ‘काय नाही रे’ एवढंच उत्तर येतं. पैसे, भाकर, जागा असं विचारलं की ती बोलत राहते. मोकळेपणानं बोलली तर कडवं ठेवा, आवाज बारीक झाला तर काढा. आणि या बोलण्यात तिचा एखादा शब्द जसाच्या तसा मिळाला तर तो टिपून घ्या. तुमच्या कवितेतली सगळ्यात चांगली ओळ बहुधा तीच असेल.

एक गोष्ट भावंडांच्या बाजूनं. खडीच्या वेळी तुम्ही जन्मालाही आला नसाल. ते साल ताईचं आहे. फाटा तुमचा आहे. धाकट्याचंही काहीतरी असेल. प्रत्येकाला विचारून त्याची एक वस्तू घ्या, म्हणजे ‘माझी माय’ न होता ‘आमची माय’ होते आणि कुणाला वाटत नाही की पुण्याहून येऊन यानं एकट्यानं आईला मिरवलं.

शेवटच्या कडव्यात ‘उदंड आयुष्य लाभो’ लिहू नका, आशीर्वाद ती देते. फाट्याचं कडवं शेवटून दुसरं ठेवा, कारण गळा तिथंच भरून येणार. त्यानंतर एक हलकं, चटणी-धपाट्याचं कडवं आलं की तुम्हालाही सावरता येईल आणि लोकांनाही. घरी आठ-दहा वेळा मोठ्यानं वाचा, उभं राहून, भिंतीकडं बघत. जिथं जीभ दर वेळी अडते तिथं अक्षरं बरोबर असली तरी ओळ चुकलेली आहे, ती बदला. कागदावर ओळीओळीत जागा सोडून मोठ्या अक्षरात लिहा. दुसरी प्रत ताईकडं द्या. आवाज गेलाच तर तिनं पुढं वाचायचं, हे आधी ठरलेलं असलं की मनावरचा भार कमी होतो.

वेळही नीट निवडा. पूजा झाली की पोरांना भूक असते आणि माय वाढण्यात गुंतते. ‘तू बस’ म्हणून सांगून ती बसणार नाही. शेवटची पंगत उठू द्या, तिला जेवू द्या, खोपीच्या सावलीला ती टेकली की मग. समोर उभं राहून वाचू नका, तिच्या शेजारी बसा आणि तिला ऐकू येईल अशा आवाजात म्हणा. बाकीचे आपोआप जवळ सरकतील.

तिला वाचता येत नाही, म्हणून फ्रेम करून भिंतीला लावलेल्या कवितेचा तिला उपयोग नाही. आदल्या रात्री खोलीचं दार लावून, पंखा बंद करून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून कविता तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा आणि तिच्या मोबाइलमध्ये टाकून द्या. साधा बटनांचा फोन असेल तर मेमरी कार्डात टाकून कुठलं बटन दाबायचं ते नातवाकडून शिकवून घ्या. तुमची म्हणून झाली की तिला म्हणा, ‘आता तू एक ओवी म्हण.’ ती आढेवेढे घेईल, विसरले म्हणेल, जाऊ दे म्हणेल. घाई करू नका. तुमचा फोन तेवढा चालू राहू द्या.